घराच्या दुरुस्तींत नळाचें काम व चाव्यांची योजना

पाटाचें पाणी वळविण्याची विद्या शेतकरी बंधूंस नव्यानें शिकवावी लागत नाहीं. मुख्य पाट, त्यापासून निघालेले पोटपाट, आणि प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशीं दारें, ही रचना सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत दारें धरणाऱ्या लहान पोरासहि ठाऊक असते. एक वाफा फुटला म्हणून सबंध रानाचें पाणी तोडण्याची पाळी येऊं नये, एवढ्यासाठींच ही सोय असते. परंतु हाच शेतकरी जेव्हां आपल्या जुन्या घराची दुरुस्ती करून आंत नळ घेतो, तेव्हां सबंध घरास एकच चावी, आणि तीहि रस्त्याकडेच्या खड्ड्यांत मातीखालीं गेलेली, असा प्रकार पुष्कळ ठिकाणीं आढळतो. मग न्हाणीघरांतील एक तोटी निखळली, म्हणजे स्वयंपाकघर, गोठा व अंगण या सर्वांचें पाणी बंद पडतें. आणि चावी सांपडेपर्यंत वाहिलेलें पाणी भिंतीच्या पायांत मुरत राहतें.

नळ कोणत्या जातीचा घ्यावा, याची चौकशी सर्वजण करतात. पाणी कोठें कोठें अडवितां आलें पाहिजे, हा प्रश्न मात्र फारच थोडे लोक विचारतात. आमच्या मतें दुसरा प्रश्न पहिल्याच्या आधींचा आहे. या लेखांत त्याचाच विचार करावयाचा आहे.

या प्रश्नाचें आजचें महत्त्व

१५ ऑगस्ट २०१९ रोजीं जल जीवन मिशनची घोषणा झाली. खेड्यांतील प्रत्येक घरीं नळ आणि माणशीं दररोज ५५ लिटर पाणी, हें तिचें उद्दिष्ट ठरलें. त्यामुळें ज्या घरांत आजवर आडाचें पाणी घागरीनें येत होतें, त्या घरांच्या भिंतींत नळ शिरूं लागले. हीं घरें नळासाठीं बांधलेलीं नव्हतीं. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतील जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, आणि वर माळवद. अशी भिंत उन्हास व वाऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या दाद देत नाहीं; परंतु आंतून ओल लागली, म्हणजे ती पोटांतून विरघळते, आणि बाहेरचा गिलावा चांगला दिसत असतांच बसते.

अर्ध्या इंची नळांतून पाणी सेकंदास २ मीटर वेगानें वाहत असेल, तर मिनिटाला सुमारें १५ लिटर पाणी जातें. म्हणजे तासास ९०० लिटर. घरचीं माणसें रानांत गेलीं असतांना असा नळ भिंतींत फुटला, तर हजार लिटरांची टाकी तास-सव्वा तासांत भिंतीच्या पोटांत रिकामी होईल. माळवदाच्या घरास हें नुकसान नळाच्या सर्व खर्चाहून मोठें आहे. शिवाय पूर्वेकडील ज्या गांवांस उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथें तें पाणी पुन्हा मिळविणें किती कठीण आहे, हें सांगावयास नको.

पाण्याचा दाब

नळांतील पाण्याचा दाब उंचीवर अवलंबून असतो. पाण्याची पातळी तोटीपेक्षां १० मीटर उंच असेल, तर तोटीपाशीं दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १ किलो दाब पडतो. घरावरील टाकी तोटीपेक्षां ३ मीटर उंच असेल, तर हा दाब एक-तृतीयांश किलोपेक्षांहि कमी भरतो. सातारा शहरास कासच्या तळ्याचें पाणी पंपावांचून डोंगरउतारानें मिळतें, तें याच नियमानें. उंचीचें काम तेथें डोंगरच करतो.

आपल्या दोन जिल्ह्यांत या बाबतींत तीन प्रकारचा मुलूख आहे. जावळी, पाटण, महाबळेश्वर या डोंगरी भागांत झऱ्याचें पाणी उंचावरून येतें. तेथें दाब अधिक असतो, आणि हलका नळ किंवा हलकी चावी टिकत नाहीं. कऱ्हाड, वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकांठच्या सपाटींत दाब माफक असतो, परंतु पुराचें भय असतें. पूर्वेकडील दुष्काळी भागांत पाणी थोडा वेळच येतें. म्हणून तेथें सांठवणीची टाकी व तिच्या चाव्या यांस महत्त्व. आपलें घर यांपैकीं कोणत्या मुलुखांत येतें, हें पाहून पुढील सूचना अमलांत आणाव्या.

नळांच्या जाती

जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ मजबूत असतो व उन्हास भीत नाहीं. परंतु तो आंतून गंजतो, आणि जड पाण्याचा क्षार त्यांत धरतो. विहिरीचें पाणी ज्या घरीं घेतात, तेथें कांहीं वर्षांनीं अर्ध्या इंची नळाचें भोंक करंगळीहून बारीक झालेलें आढळतें. जुन्या घराच्या दुरुस्तींत असे नळ असल्यास अर्धे जुने व अर्धे नवे असें काम करूं नये; जुन्यांतील गंज सुटून नव्या चाव्यांच्या बैठकींत अडकतो.

पांढरा यू.पी.व्ही.सी. नळ थंड पाण्यास चांगला. त्यास गंज नाहीं. पण उन्हांत राहिल्यास तो ठिसूळ होतो, म्हणून उघड्यावर असेल तेथें त्यास रंग द्यावा. गरम पाण्यास हा चालत नाहीं. सूर्यबंबाच्या कढत पाण्यानें तो मऊ पडून वांकतो. त्यासाठीं सी.पी.व्ही.सी. नांवाचा फिकट पिवळसर नळ घ्यावा. अंगणांत जमिनीखालून न्यावयाचा नळ काळा एच.डी.पी.ई. असावा, तो लवचीक असून लांब वेटोळ्यांत मिळतो, म्हणून त्यास सांधे कमी लागतात.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. रानांतील पाइपलाइनीचे उरलेले पी.व्ही.सी. तुकडे घरच्या पिण्याच्या पाण्यास जोडण्याची चाल आपल्याकडे आहे. ती सोडावी. शेतीच्या अशा नळांच्या घडणींत शिशाचीं संयुगें वापरण्याची रीत फार वर्षें होती, आणि शिसें लहान मुलांच्या मेंदूस अपायकारक आहे. नळांतील शिशावर निर्बंध घालणारे नियम केंद्र सरकारनें २०२१ सालीं केले, यावरून या गोष्टीचें गांभीर्य कळून येईल. पिण्याच्या पाण्यास पिण्याच्या पाण्याचाच म्हणून विकला जाणारा व तसा छाप असलेला नळ घ्यावा.

मापाविषयीं एवढेंच सांगावयाचें कीं, टाकीपासून मुख्य नळ एक इंची, प्रत्येक खोलीकडे जाणारी शाखा पाऊण इंची, आणि तोटीपाशीं अर्धा इंची, अशी उतरती भांजणी ठेवावी. टाकीची उंची कमी असतां सगळीकडे अर्धा इंची नळ घातला, तर एक तोटी उघडतांच दुसरी कोरडी पडते.

चाव्यांच्या जाती

बाजारांत चाव्या पुष्कळ आहेत. शेतकऱ्यानें पांच ओळखल्या म्हणजे पुरे.

पहिली, गेट व्हॉल्व्ह. वरचें चाक अनेक वेळां फिरविल्यावर आंतील पाचर खालीं उतरते व पाणी बंद होतें. ही पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवावी. अर्धवट ठेवल्यास पाचर थरथरून झिजते, आणि पुढें चावी कधींच घट्ट बसत नाहीं. गढूळ पाण्यांत तिच्या खांचेंत गाळ धरतो.

दुसरी, बॉल व्हॉल्व्ह. हिच्या आंत भोंक पाडलेला गोळा असतो, आणि दांडा पाव वळसा फिरविला कीं पाणी बंद होतें. दांडा नळाच्या रेषेंत असेल तर चावी उघडी, आडवा असेल तर बंद. त्यामुळें चावी उघडी कीं बंद हें लांबूनहि कळतें. घरांतील बहुतेक जागीं हीच उत्तम. मात्र ती एकदम झटक्यानें बंद करूं नये. उपसा पाइपलाइनीवर मोटार एकाएकीं बंद झाली, म्हणजे पाणी परत येऊन जो दणका बसतो, तो आमच्या वाचकांस परिचित आहे. तोच दणका लहान प्रमाणांत घरांतील सांध्यांस बसतो.

तिसरी, वायसराची चावी, जिला स्टॉप कॉक म्हणतात. पाणी कमीजास्त सोडावयाचें असेल तेथें ही वापरावी. गळूं लागली तर नुसता वायसर बदलून काम होतें. भांडी घासण्याच्या मोरीखालीं व शौचकूपाच्या टाकीशेजारीं जो लहान अँगल कॉक असतो, तो बहुधा याच कुळांतील.

चौथी, एकमार्गी झडप. विहिरीवरील पंपाचा फूट व्हॉल्व्ह हें तिचेंच रूप. पाणी पुढें जाऊं देते, मागें येऊं देत नाहीं. झडपेवर बाणाची खूण असते. ती पाणी जाण्याच्या दिशेस धरून बसवावी.

पांचवी, तरंगत्या गोळ्याची चावी. टाकी भरली कीं गोळा वर येऊन पाणी आपोआप बंद होतें. बाजारांत हिला बॉल कॉक म्हणतात. वर सांगितलेल्या बॉल व्हॉल्व्हशीं हिचा घोटाळा करूं नये.

चाव्या कोठें बसवाव्या

१. गांवच्या नळाची जोडणी घराच्या आवारांत शिरतांच, मीटर असल्यास मीटरच्या पुढें, एक बॉल व्हॉल्व्ह. हा जमिनीपासून हातभर उंच, विटांच्या लहान कोनाड्यांत असावा. हीच घराची मुख्य चावी.

२. टाकीच्या तळाशीं, बाहेर पडणाऱ्या नळावर एक. टाकी धुण्याचा नळ निराळा असून त्यावर दुसरी. भरलेल्या हजार लिटरांच्या टाकीचें वजन एक टनाहून अधिक होतें. ती माळवदावर कधींही ठेवूं नये. तिला स्वतंत्र चौथरा किंवा खांबांची बैठक करावी.

३. स्वयंपाकघर, न्हाणीघर, शौचकूप, गोठा व अंगण या प्रत्येकाच्या शाखेवर, ती मुख्य नळापासून फुटते तेथेंच, एकेक. पोटपाटाचें दारें मुख्य पाटाच्या कडेस असतें, तसेंच हें. यायोगें न्हाणीघराची दुरुस्ती चालू असतां चूल अडत नाहीं, आणि गोठ्यांतील जनावरें तान्हेलीं राहत नाहींत.

४. प्रत्येक तोटीच्या, मोरीच्या व शौचकूपाच्या टाकीच्या मागें एक अँगल कॉक.

५. गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशीं चावी व एकमार्गी झडप. परंतु गीझर आणि त्याची संरक्षक झडप यांच्यामध्यें कोणतीहि चावी बसवूं नये; ती चुकून बंद राहिली, तर वाफेस वाट मिळत नाहीं व भांडें फुटतें. सूर्यबंबाची उभी हवानळीहि याच कारणास्तव सदैव मोकळी ठेवावी.

चावी पाटावर उभें न राहतां घरांतील बायकांच्या हातास येईल अशी असावी. दिवसां घरीं बहुधा त्याच असतात, आणि नळ फुटतो तेव्हां गडीमाणूस मळ्यांत असतो. प्रत्येक चावीवर तेलरंगानें "चूल", "न्हाणी", "गोठा" अशीं नांवें लिहावीं.

घाण पाणी मागें ओढलें जाण्याचा धोका

चावीचें काम केवळ नुकसान थांबविणें एवढेंच नाहीं. नळांतील पाणी उलट दिशेनेंहि वाहूं शकतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानीं नसते. गांवचा पुरवठा बंद झाला आणि खालच्या आळींत कोणी तोटी उघडली, कीं वरच्या घरांतील नळांत पोकळी होऊन ओढ निर्माण होते. अशा वेळीं कोणाची रबरी नळी कीटकनाशकाच्या पिंपांत बुडलेली असेल, तर तें औषध नळांत खेंचलें जातें. पुढें पाणी सुटलें म्हणजे तेंच चुलीजवळच्या तोटीनें बाहेर येतें. तासगांव, खानापूर, मिरज या द्राक्षबागांच्या भागांत फवारणीचीं पिंपें घरच्या नळावर भरण्याचा परिपाठ आहे, म्हणून हा इशारा विशेष जरुरीचा. नळीचें टोंक पिंपाच्या कांठापासून नेहमीं वीतभर वर धरावें. एकमार्गी झडपेवर विसंबूं नये. तिच्या बैठकींत वाळूचा एक खडा अडकला, तरी ती निकामी होते. वीतभर मोकळी हवा मात्र कधीं नादुरुस्त होत नाहीं.

याच कारणासाठीं विहिरीची लाइन व पिण्याच्या पाण्याची लाइन मध्यें एक चावी घालून जोडूं नये. गोठा, अंगण व शौचकूप विहिरीवर, आणि चूल गांवच्या नळावर, असे दोन निराळे नळ टाकावे. तसेंच गांवच्या नळास थेट मोटार लावून पाणी ओढूं नये. त्यानें शेजाऱ्याचा वांटा तर तुटतोच, पण जमिनीखालच्या फुटक्या सांध्यांतून गटाराचें पाणीहि आपल्याच मोटारीनें आपल्या घरांत येतें.

नळ सतत भरलेला व दाबाखालीं असला, तर ही ओढ निर्माणच होत नाहीं. कऱ्हाडलगतच्या मलकापुरानें २००८-०९ च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना हातीं घेतली. कमी सांध्यांचे एच.डी.पी.ई. नळ, घरोघरीं मीटर, आणि वापर वाढेल तसा चढता दर, अशी तिची रचना होती. चोवीस तास पाणी दिलें तर तें वायां जाईल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु मीटर व चढता दर असला, म्हणजे ज्याची तोटी गळते, त्यास स्वतःच्या खर्चानेंच जाग येते. सेकंदास एक थेंब म्हणजे दिवसाचे ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर चार लिटरांवर पाणी एका गळक्या तोटीनें जातें.

पुराच्या वेळीं चावी हें संरक्षणाचें साधन होतें. सांगलीस आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांवर गेलें, आणि २०२१ सालीं पुन्हा मोठा पूर आला. कांठच्या गांवांनीं पुढील क्रम पाठ करावा. पाणी चढूं लागतांच मोटारीची वीज तोडावी. वरची टाकी भरून घेऊन मुख्य चावी बंद करावी. खालच्या शाखांच्या चाव्याहि बंद कराव्या. यायोगें वरच्या टाकींतील पाणी शुद्ध राहतें, आणि पुरांत अडकलेल्या माणसांस तेंच पिण्यास उपयोगी पडतें. जमिनींतील हौदांत पुराचें पाणी शिरलें असल्यास तो उपसून, घासून, निर्जंतुक केल्यावांचून वापरूं नये.

काम करून घेतांना

कारागिरास बोलाविण्यापूर्वीं कागदावर घराचा आराखडा काढून नळ निळ्या रेघेनें व चाव्या तांबड्या ठिपक्यानें दाखवाव्या. मातीच्या भिंतींत खांच पाडून नळ पुरूं नये. तो बाहेरच्या अंगानें पट्ट्यांवर उघडाच न्यावा. दिसण्यास तो तितका सुबक नसतो, पण गळती त्याच दिवशीं कळते. भिंतीतून आरपार जावयाचें असेल तेथें नळाहून मोठ्या नळीचा तुकडा बसवून त्यांतून नळ न्यावा, म्हणजे भिंत हलली तरी नळ तुटत नाहीं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा अनुभव असलेल्या पाटण भागास याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. पिण्याचा नळ सांडपाण्याच्या नळाच्या नेहमीं वरच्या अंगास व त्यापासून दूर ठेवावा.

आट्यांच्या सांध्यांस सूत-सफेदा किंवा टेफलॉनची पट्टी चालते. प्लॅस्टिकच्या सांध्यांस त्या त्या नळाचेंच सोल्यूशन वापरावें, आणि तें वाळण्यास पुरा एक दिवस द्यावा. चावीच्या शेजारीं एक युनियन बसवावें, म्हणजे पुढें चावी बदलतांना नळ कापावा लागत नाहीं.

गिलावा करण्यापूर्वीं परीक्षा घ्यावी, हा नियम कारागिराची घाई असली तरी मोडूं नये. सर्व टोंकें बुचांनीं बंद करून हातपंपानें नेहमींच्या दाबाच्या दीडपट दाब द्यावा, आणि दोन तास कांटा पाहावा. कांटा उतरला तर सांधा गळतो, हें निश्चित. परीक्षा उतरल्यावर उघड्या नळांचे फोटो, शेजारीं मोजपट्टी धरून, काढून ठेवावे. पुढें खिळा ठोकतांना ते उपयोगी पडतात.

शेवटीं निर्जंतुकीकरण. नवे नळ प्रथम साध्या पाण्यानें खळखळून धुवावे. मग हजार लिटरांच्या भरल्या टाकींत सुमारें २०० ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर बादलींत कालवून, निवळी ओतावी. प्रत्येक तोटीस वास येईपर्यंत पाणी सोडून रात्रभर तसेंच ठेवावें. सकाळीं सर्व पाणी सोडून द्यावें. तें जनावरांस पाजूं नये व झाडांस घालूं नये. वास जाईपर्यंत पुन्हा धुवून मग पिण्यास घ्यावें.

निगा

वर्षानुवर्षें न फिरविलेली चावी ऐन वेळीं फिरत नाहीं, आणि जोर केला तर दांडा तुटतो. अमावास्येस पुष्कळ गांवीं औत धरीत नाहींत. त्या दिवशीं घरांतील प्रत्येक चावी एकदां पूर्ण बंद करून पुन्हा उघडावी. त्याच दिवशीं सर्व तोट्या बंद करून मीटरकडे पाव तास पाहावें. कांटा हलत असेल, तर गळती आहे असें समजावें. मग एकेक शाखेची चावी बंद करीत जावें. ज्या चावीनें कांटा थांबेल, त्याच शाखेंत दोष. सबंध घर न खणतां दोष हुडकण्याची ही युक्ति, शाखांवर चाव्या असल्या तरच साधते.

चार-सहा चाव्यांचा जादा खर्च सबंध दुरुस्तीच्या मानानें क्षुल्लक आहे, आणि तो दुरुस्ती चालू असतांनाच करणें स्वस्त पडतें. गिलावा झाल्यावर तीच गोष्ट भिंत फोडून करावी लागते. ज्यांच्या घराचें काम या उन्हाळ्यांत निघावयाचें आहे, त्यांनीं आराखड्याचा कागद आजच हातीं घ्यावा, आणि घरांतील बायकामुलांस बरोबर घेऊन तांबडे ठिपके कोठें द्यावयाचे तें ठरवावें.